कोंबडीचे पाय अचानक बसतात, बरे होतात, पुन्हा बसतात: कारण कुठे शोधायचं

सकाळी खुराड्याचं दार उघडलं. पाच कोंबड्या धावत बाहेर आल्या, सहावी आत कोपऱ्यातच बसून राहिली. डोळे टवटवीत, तुरा लाल, समोर दाणे टाकले तर बसल्या जागेवरून टिपले. उठवून पाहिलं तर दोन पावलं डगमगत टाकली आणि पुन्हा खाली. आदल्या संध्याकाळी हीच कोंबडी सगळ्यांत वरच्या दांड्यावर चढून बसली होती.

मी तिला वेगळं ठेवलं, कॅल्शियमची गोळी दिली, आणि संध्याकाळपर्यंत ती उभी राहिली. फार हायसं वाटलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा. दर वेळी मी गोळी देत होते, दर वेळी ती सावरत होती, आणि दर वेळी मला वाटत होतं की प्रश्न सुटला. सुटत होता तो फक्त त्या दिवसापुरता. त्यामुळे हे सगळं सविस्तर लिहिते आहे, विशेषतः ज्यांची कोंबडी एकदा बरी होऊन पुन्हा बसली आहे त्यांच्यासाठी.

आधी एक तास शांतपणे

बसलेली कोंबडी दिसली की पहिलं काम म्हणजे तिला बाकीच्यांपासून वेगळं करणं. दुबळ्या कोंबडीला बाकीच्या टोचतात, तुडवतात, खाण्यापासून हुसकावतात. दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून, खालून आधार देऊन उचला. पायांना धरून किंवा पंखाला ओढून कधीही नाही. कारण कॅल्शियमचं असेल तर तिची हाडं त्या क्षणी ठिसूळ असू शकतात. जोरात फडफडली तरी मणक्याला तडा जाऊ शकतो, आणि तसं झालं तर बरं होणारं दुखणं कायमचं होऊन बसतं.

खोक्यात किंवा पिंजऱ्यात जाड, न घसरणारं अंथरूण घाला. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नको, त्यावर पाय फाकतात. जागा उबदार, थोडी अंधारी, वाऱ्यापासून आडोशाची असावी. पाणी आणि खाद्य चोच पोचेल इतक्या जवळ आणि उथळ भांड्यात ठेवा. अशा कोंबड्या मूळ दुखण्याने जायच्या आधी तहानेने खचतात, केवळ भांडं वीतभर लांब होतं म्हणून.

पाणी पाजताना चोच उघडून ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा, ती आपणहून गिळते. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. दुखणं कमी करायचं औषध लागतंच, पण ते कोणतं आणि किती हे पशुवैद्याने ठरवायचं. चुकीचं औषध मूत्रपिंडांवर जातं.

आणि एक शंका इथेच मिटवून घ्या: ती खुडूक तर नाही ना? खुडूक कोंबडी दिवसभर बसून राहते, उठवलं की पिसं फुलवते, गुरगुरते, आणि चिडून का होईना पण नीट चालत जाते. चालता येतं की नाही, एवढ्यावर फरक कळतो.

औषधाआधी पाहायच्या गोष्टी

पाय बसणं हे लक्षण आहे, आजाराचं नाव नव्हे. डझनभर वेगवेगळ्या कारणांनी कोंबडी बसते, आणि त्यातल्या मोजक्याच कारणांवर कॅल्शियम लागू पडतं. गोळी देण्याआधी पंधरा मिनिटं तिला मांडीवर घेऊन नीट पाहिलं तर निम्मी कारणं तिथल्या तिथे गळून पडतात.

वय काय? दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू, अंड्यावर यायची तलंग, भरात अंडी देणारी कोंबडी आणि तीन वर्षांची जुनी कोंबडी, या चौघींची कारणं सहसा वेगळी असतात. एक पाय गेला आहे की दोन्ही? एकच असेल तर दुखापत, पंजातलं गळू, किंवा त्या बाजूच्या नसेवर दाब. दोन्ही असतील तर खाण्यातली उणीव, विषबाधा, अडकलेलं अंडं, किंवा सगळ्या शरीराला धरणारा रोग.

तळवे उलटे करून पाहा. मधोमध काळी खपली आणि सूज असेल तर पंजातलं गळू आहे. बारीक जखमेतून जंतू आत शिरतात आणि आत घट्ट पू साठतो. उंच दांड्यावरून कडक जमिनीवर उड्या मारणाऱ्या जड कोंबड्यांना हे जास्त होतं. वरवरचं असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन, जंतुनाशक लावून, पट्टी बांधून भागतं. खोल असेल तर स्वतः चिरू नका. पायावरचे खवले उचकटून खडबडीत झाले असतील तर खवल्यांखाली शिरलेल्या सूक्ष्म किड्यांचं काम आहे. त्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर काही आठवडे पुन्हा पुन्हा लावावा लागतो, त्याने किडे गुदमरतात.

नडगीवरून, मांडीवरून बोटं फिरवा. मागे वळणारा जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो ती खरं तर तिची टाच आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. दोन्ही पायांची तुलना करा: एक बाजू गरम, सुजलेली, विचित्र कोनात आहे का? बोटांना हलकेच चिमटा काढा. पाय मागे ओढते का? ओढत असेल तर नस जिवंत आहे, आणि ही चांगली खूण आहे.

मग पोट. शेपटीखाली गुदद्वाराच्या आसपास हात लावून पाहा. शेपूट खाली, अंग पेंग्विनसारखं ताठ, मधून मधून कुंथणं आणि पाय फाकलेले असतील तर अंडं अडकलं असण्याची शक्यता मोठी. अडकलेलं अंडं पायांकडे जाणाऱ्या नसांवर दाब देतं, म्हणून पाय लुळे पडतात. अशा वेळी कोमट, मनगटाला सुखाने सोसेल इतक्या पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा, पूर्ण कोरडं करा, उबदार अंधारात ठेवा. पोट दाबून अंडं बाहेर काढायचा प्रयत्न करू नका. अंडं आत फुटलं तर कवचाच्या कडा आतून कापतात आणि जंतुसंसर्ग होतो. काही तासांत अंडं आलं नाही तर पशुवैद्याकडे न्याच, हे दुसऱ्या दिवसावर ढकलायचं काम नाही.

शेवटी छातीचं मधलं हाड. ते धारदार लागत असेल, दोन्ही बाजूंचं मांस उतरलं असेल, तर आजार कालचा नाही. आपल्याला आज दिसला एवढंच. पिसांखालची कातडी, पंखांच्या खालची बाजू, उवा आणि गोचिड्याही बघून घ्या. दांड्यांच्या फटीत दिवसा लपून रात्री रक्त पिणारे बारीक लाल किडे असतील तर कोंबडी रक्त कमी होऊनही बसते. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात गेलात तर दिसतील.

सकाळी बसलेली, संध्याकाळी उभी: हा नमुना

माझ्या कोंबडीत यातलं काहीच सापडलं नाही. तळवे स्वच्छ, पोट मऊ, वजन बरं, दोन्ही पाय सारखेच अशक्त, बोटं चिमट्याला प्रतिसाद देत होती. चौथ्यांदा बसली तेव्हा मी वही काढून जुन्या तारखा आठवून लिहिल्या आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली: चारही वेळा ती सकाळीच बसलेली सापडली होती. दुपारी, संध्याकाळी एकदाही नाही. आणि त्याआधीच्या आठवड्यात दर वेळी पातळ कवचाची, एकदा तर बिनकवचाची मऊ अंडी आली होती.

सकाळीच का, याचं उत्तर अंडं कसं तयार होतं यात आहे. एक अंडं पूर्ण व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, आणि त्यातले जवळपास २० तास ते कवच चढवणाऱ्या ग्रंथीत असतं. कोंबडी सहसा सकाळी अंडं घालते, त्यामुळे कवचाचा मोठा भाग रात्री चढतो. त्या वेळी तिच्या गळ्याखालच्या पिशवीत आणि पोटात जेवढं कॅल्शियम शिल्लक असेल तेवढं वापरलं जातं. बाकीचं ती स्वतःच्या हाडांतून काढते. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. तिच्या सगळ्या सांगाड्यात मिळून जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दर अंड्यामागे सांगाड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं कॅल्शियम तिला उभं करावं लागतं. ही उलाढाल झेपावी म्हणून लांब हाडांच्या पोकळीत खास तेवढ्यासाठी नरम हाड तयार होतं. पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून ते भरायला लागतं. ही साठवण संपली की शरीर खऱ्या हाडाला हात घालतं, रक्तातलं कॅल्शियम खाली येतं, स्नायू काम करेनासे होतात, आणि पहाटे कोंबडी बसते. दिवसभर खाल्लं की रक्तातली पातळी सावरते आणि ती उभी राहते. आपल्याला वाटतं, झाली बरी.

आता माझं कुठे चुकत होतं. खाद्य मी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचंच देत होते, म्हणून कॅल्शियम कमी पडेल अशी शंकाच आली नाही. पण संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात जायच्या आधी मी प्रेमाने ओंजळभर धान्य टाकत होते, आणि ही सहावी त्यात सगळ्यांत पुढे असायची. हिशेब मांडला तेव्हा समजलं. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. खाद्यात ३.८ टक्के कॅल्शियम असेल तर ४.२ ग्रॅम मिळतं. त्यातलं निम्म्याच्या आसपास अंगी लागतं, म्हणजे कवचापुरतं. त्याच पोटात ३५ ग्रॅम धान्य गेलं, ज्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, तर खाद्य उरलं ७५ ग्रॅम, कॅल्शियम २.८५ ग्रॅम, अंगी लागलं दीड ग्रॅमच्याही आत. रोज अर्धा ग्रॅमहून अधिक तूट, आणि ती बरोबर अशा वेळी, जेव्हा रात्रभरासाठी पिशवी भरून जायला हवी. गोळी ती तूट तात्पुरती भरत होती आणि मी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तीच तूट पाडत होते.

उपाय म्हणून तीन बदल केले. धान्य पूर्ण बंद न करता मूठभर सकाळी, तेही खाद्य खाऊन झाल्यावर. संध्याकाळचे शेवटचे दोन तास फक्त अंडी देणाऱ्यांचं खाद्य. आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात कायम. चुरा जाडसरच हवा, २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे. बारीक पूड पटकन पुढे निघून जाते, तुकडे मात्र पेषणीत (दाणे दळणाऱ्या जाड पोटात) रात्रभर राहून हळूहळू विरघळतात, म्हणजे ज्या वेळी गरज असते त्याच वेळी कॅल्शियम मिळतं. वेगळं भांडं का? ज्या कोंबडीला हवं ती हवं तेवढं खाते. सगळ्यांच्या खाद्यात मिसळलं तर कोंबड्याच्या आणि वाढत्या पिल्लांच्या पोटात नको तेवढं जातं आणि त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. वाढीच्या पिल्लांना साधारण १ टक्का कॅल्शियम पुरतं. याच्या उलट चूक तलंगांच्या बाबतीत होते: अंडी सुरू झाली तरी त्यांना वाढीचंच खाद्य चालू राहतं, आणि पहिल्याच महिन्यात एखादी बसते. तुरा लाल व्हायला लागला की खाद्य बदला.

कॅल्शियम आतड्यातून शोषलं जायला ड३ जीवनसत्त्व लागतं. दिवसभर छपराखाली बंद असणाऱ्या कोंबड्यांना ते उन्हातून मिळत नाही, खाद्यातूनच मिळायला हवं. जुनं, ओलसर, महिनोन्‌महिने पडून असलेलं खाद्य दिसायला चांगलं असलं तरी त्यातली जीवनसत्त्वं उतरलेली असतात.

झटका आलेल्या दिवशी मात्र नुसत्या शिंपल्यांवर भागत नाही. कॅल्शियमची गोळी पशुवैद्याला विचारून द्या, आणि काही दिवस प्रकाश आठ तासांपर्यंत कमी करा. प्रकाश कमी झाला की अंडी थांबतात आणि हाडांना भरून यायला उसंत मिळते. कारण खरंच हेच असेल तर काही तासांत ते दोन दिवसांत फरक दिसतो. तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर कॅल्शियम वाढवत बसू नका. कारण दुसरं आहे, किंवा मणका मोडला आहे.

कॅल्शियमने न हलणारी कारणं

सगळ्यांत मन मोडणारं म्हणजे मॅरेक्स हा रोग. हंगेरियन पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. त्याचा विषाणू नसांना सूज आणतो आणि पुढे गाठी करतो. साधारण ६ ते ३० आठवड्यांच्या कोंबड्यांत दिसतो. ओळखीची खूण म्हणजे एक पाय पुढे ताणलेला, दुसरा मागे. कधी पंख लोंबतो, कधी डोळ्याचा रंग राखाडी होऊन बाहुली वेडीवाकडी होते, आणि खात असूनही वजन उतरत जातं. यावर औषध नाही. लस पिल्लाला पहिल्याच दिवशी द्यायची असते. ती गाठींपासून वाचवते, पण विषाणूची लागण आणि प्रसार पूर्ण थांबवत नाही. पिसांच्या कोंड्यातून, धुळीतून विषाणू पसरतो आणि खुराड्याच्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे एक गेली म्हणून लगेच लस नसलेली नवी पिल्लं त्याच खुराड्यात सोडू नका.

पिल्लांची बोटं आत मुठीसारखी वळली असतील आणि ती टाचांवर बसून चालत असतील तर ब२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. लवकर दिलं तर पिल्लू सुधारतं, उशीर झाला तर नसांचं नुकसान राहतं. टाचेवरची शीर (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बाजूला सरकून पाय वाकडा झाला असेल तर मँगनीजसारख्या घटकांची कमतरता किंवा घसरडी जमीन कारण असते. सरकलेली शीर पहिल्या एक-दोन दिवसांत बसवली तरच आशा.

पाय, मग पंख, मग मान आणि पापण्या, अशी लुळेपणाची लाट खालून वर चढत असेल आणि मान जमिनीवर पडली असेल तर बोटुलिझमचा संशय घ्या. कुजलेलं मेलेलं जनावर किंवा त्यावरच्या अळ्या खाऊन हे होतं. परिसर शोधा, सापडेल ते उचला, आणि ताबडतोब पशुवैद्य गाठा. जुन्या रंगाचे पापुद्रे, बॅटऱ्या, शिशाचे तुकडे गिळले तर पाय जातात आणि विष्ठा हिरवी होते. दुसऱ्या जनावरांचं किंवा चुकीच्या मात्रेत औषध मिसळलेलं खाद्यही पाय घालवतं. नवीन पोतं उघडल्यावर दोन-तीन कोंबड्या एकदम बसल्या तर आधी ते पोतं बाजूला ठेवा, फेकू नका, तपासणीला लागेल. जुन्या कोंबडीचा एकच पाय हळूहळू जात असेल तर पोटातली गाठ नसेवर दाबत असण्याची शक्यता असते.

आणि पाय बसण्याबरोबर मान वाकडी होणं, श्वासाला घरघर, तुरा निळसर पडणं, हिरवी हगवण, पटापट मरणं यांतलं काही दिसलं तर मानमोडी किंवा बर्ड फ्लू डोक्यात ठेवून वागा. हातमोजे आणि मास्क घाला, मुलांना लांब ठेवा, कोंबड्या कुठेही हलवू नका, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा.

बसलेल्या कोंबडीची सेवा

कारण सापडलं तरी ताकद यायला आठवडा, कधी तीन आठवडे लागतात, आणि या काळात कोंबडी जाते ती बहुतेक वेळा बसून राहिल्यामुळे. छातीच्या हाडावर भार येऊन जखम होते. टॉवेलची गोल वळकटी करून मधल्या खळग्यात तिला ठेवा, दर दोन-तीन तासांनी बाजू बदला. गुदद्वाराजवळची विष्ठा दिवसातून दोनदा कोमट पाण्याने पुसून कोरडी करा. घाण पिसांवर माशी अंडी घालते, आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात. हे मी स्वतः पाहिलं आहे आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

कापडाची झोळी फार उपयोगी पडते. मजबूत कापडाला दोन पायांसाठी दोन आणि मागे विष्ठेसाठी एक भोक पाडायचं, आणि ते खोक्याच्या कडांना असं बांधायचं की पंजे जमिनीला नुसते टेकतील. सुरुवातीला दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पायांवर थोडा भार आला नाही तर स्नायू झपाट्याने सुकतात. ती फडफडायला लागली, डोळे मिटून तोंड उघडून धापा टाकू लागली की लगेच काढा.

रोज सकाळी एकाच वेळी वजन करा आणि लिहा. डोळ्यांवर विसंबू नका, पिसांच्या आत काय चाललंय ते काटाच सांगतो. शक्य असेल तर बाकीच्या कोंबड्या दिसतील अशी जागा द्या. एकटी पडलेली कोंबडी खाणं सोडते. खाद्य भिजवून मऊ केलं तर बसल्या बसल्या जास्त खाते. पशुवैद्याने प्रतिजैविक दिलं असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्याच वेळी विचारून घ्या.

वजन रोज उतरतंय, खाणं थांबलंय, पायाला चिमटा जाणवत नाही, आणि पशुवैद्यही मान हलवतो आहे, अशी वेळ आली तर तिला वेदनेशिवाय सोडवण्याबद्दल त्याच्याशी बोला. हे बोलणं मी एकदा फार लांबवलं होतं आणि ते दिवस त्या कोंबडीला सोसावे लागले.

कळपात दुसरीही बसली तर गेलेल्या कोंबडीचं शवविच्छेदन करून घ्या. शव पिशवीत घालून फ्रिजमध्ये थंड ठेवा, गोठवू नका. गोठवलं की पेशी फुटतात आणि तपासणारा नीट सांगू शकत नाही. लवकरात लवकर पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत पोचवा. सोबत वही न्या: वय, लसी, कोणतं खाद्य कधीपासून, शेवटचं अंडं कधी आणि कवच कसं, कोणत्या वेळी बसलेली सापडली, एक पाय की दोन्ही. माझ्या सहावीच्या वहीत अशी चार पानं आहेत. धान्य सकाळी हलवल्यानंतरची पानं नुसती अंड्यांच्या नोंदींची आहेत, जाड कवचाच्या.